सोलापूरजवळ केगावला ढगांचं रडार बघायला गेलो होतो तेव्हा भेटलेल्या, ढगांवर संशोधन करणाऱ्या ताईंना, मनापासून

ताई, नमस्कार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय आणि तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे पक्कं माहितीये. पण आमच्या शाळेतल्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही कळायला पाहिजे की हे सगळं कुणामुळे झालं, म्हणून उघडच लिहिते.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरावरून कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची विमानं फिरायची, तेव्हा गावागावात एकच चर्चा होती, विमान येतं आणि आमचा ढग पळवून लावतं. आमच्याकडं उत्तरा आणि हस्ताचा पाऊस म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळत नाही, त्यावर अख्खी रब्बी ज्वारी उभी असते, मंगळवेढ्याची मालदांडीसुद्धा, त्यामुळे माणूस आभाळाकडं बघून कुणावर तरी चिडणारच. वर्गात पोरं विचारायची, बाई खरंय का हो हे? मी विज्ञान शिकवते, आणि माझ्याकडं पुस्तकातल्या बाष्पीभवन-सांद्रीभवनापलीकडं सांगायला काही नव्हतं.

मग आम्ही केगावला रडार बघायला आलो. तुम्ही आधी आमचं ऐकून घेतलंत, हसला नाहीत, आणि मग जमिनीवर बसून पोरांना सांगितलंत की ढगातला एक थेंब साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि पावसाचा एक थेंब २ मिलिमीटरचा, म्हणजे ढगातले १० लाख थेंब एकत्र आले तेव्हा पावसाचा एक थेंब होतो, आणि सगळा प्रश्न एवढाच आहे की ते एकत्र येतात कसे आणि कधी येत नाहीत. विमानाच्या पंखाखालच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम क्लोराइडसारखं पाणी ओढून घेणारं मीठ असतं, ते ढगाच्या तळाशी जाळतात म्हणजे काही थेंब लवकर मोठे होतात, आणि दुसरं विमान नुसतं मोजायला असतं. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही की सगळ्या ढगांत फवारत नाहीत, काही ढग चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून मुद्दाम तसेच सोडतात, कारण नाहीतर पडलेला पाऊस आपल्यामुळे पडला की तो पडणारच होता हे कधीच सांगता येणार नाही. माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, म्हणजे अर्धं रान खत घालून आणि अर्धं तसंच ठेवून बघतात तसं. एवढं साधं, पण आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही त्या परिषदेबद्दल बोलायला लागलात, इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन क्लाउड्स अँड प्रेसिपिटेशन, आणि मला आधी वाटलं की हे आपल्या कामाचं नाही. तुम्ही ते वाटू दिलं नाहीत. दर चार वर्षांनी भरते, आंतरराष्ट्रीय भूगणित आणि भूभौतिकी संघाखाली जी वातावरणाची संघटना आहे तिच्या ढगांच्या आयोगाची ही परिषद, आधी नुसती क्लाउड फिजिक्सची परिषद म्हणायचे. १९७२ ला लंडन, १९७६ ला बोल्डर, १९८० ला फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ, १९८४ ला आताच्या एस्टोनियातलं टालिन, १९९६ ला झुरिक, २००४ ला बोलोन्या, २०१२ ला लाइपझिग, २०१६ ला मँचेस्टर. ही त्यातली काही ठिकाणं मी वहीत लिहून घेतली होती. टालिनजवळ मी रेघ मारलीये, कारण तेव्हा ते सोव्हिएत युनियनमध्ये होतं, शीतयुद्ध चालू होतं, आणि तरी दोन्हीकडचे ढगवाले एका हॉलमध्ये बसून थेंबांवर बोलत होते. मला ते फार मोठं वाटतं, अजूनही. क्लेरमाँ-फेराँच्या शेजारी पुई द डोम नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर ढगातच बसून मोजमाप करतात, जसं आपल्याकडं महाबळेश्वरला २०१२ पासून प्रयोगशाळा आहे. लाइपझिगलाही ढगांची लॅब, मँचेस्टरला बर्फाच्या ढगांसाठी उंच चेंबर. मग माझ्या लक्षात आलं की ही परिषद बऱ्याचदा जिथं कुणीतरी खरंच ढगाला हात घातलाय तिथं जाते, आणि म्हणून ती पुण्याला येणं यात मला एवढा अभिमान वाटला.

पुण्याची १८ वी परिषद खरं तर २०२० ला व्हायची होती, कोरोनामुळे ढकलली आणि २०२१ च्या २ ते ६ ऑगस्टला ऑनलाइन झाली, आयआयटीएमनं म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं भरवलेली. सगळ्यांना वाईट वाटलं असेल, पण ताई, मला मात्र त्यामुळंच ती सोलापुरात घरी बसून बघता आली. रजिस्ट्रेशन कसं करायचं, प्रोग्रॅम कसा वाचायचा, कुठलं सेशन माझ्या उपयोगाचं, हे सगळं तुम्ही फोनवर सांगत बसलात, स्वतःच्या कामाच्या गडबडीत. तुम्हीच सांगितलंत की भाषणापेक्षा संशोधनाची पोस्टर बघा, तिथं तरुण पोरं असतात आणि ती काय अडलंय ते खरं सांगतात. आणि परिषदेच्या आधी क्लाउड मॉडेलिंगची, म्हणजे कॉम्प्युटरवर ढग मांडून बघायची वर्कशॉप असते ती तर मला परिषदेपेक्षा भारी वाटली, म्हणजे सगळ्या देशांतली मॉडेलवाली मंडळी एकच खरा मोजलेला ढग घेतात, आपापल्या मॉडेलमध्ये टाकतात आणि मग उत्तरं शेजारी शेजारी ठेवतात, एकच प्रश्नपत्रिका सगळ्या वर्गाला दिल्यासारखं, आणि उत्तरं जुळत नाहीत तेव्हा कुणी लपवत नाही, तिथूनच चर्चा सुरू होते. लॅबवाले, विमानवाले, रडारवाले, कॉम्प्युटरवाले एरवी वेगवेगळ्या जगात राहतात, एकाचं माप मायक्रॉनमध्ये आणि दुसऱ्याचं किलोमीटरमध्ये, त्यांना एकमेकांचं ऐकायला लावणं हेच या परिषदेचं खरं काम आहे असं माझं मत झालंय.

सगळं कळलं असं नाही. पण जे कळलं नाही ते रात्री तुम्हाला विचारायचे आणि तुम्ही कधी कंटाळला नाहीत. वेगेनर, बर्जेरॉन, फिंडायझेन या तीन शास्त्रज्ञांची नावं एकत्र का घेतात, बर्फाचा कण शेजारच्या थेंबांची वाफ घेऊन कसा वाढतो, १९४६ ला शेफर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला आणि त्याच वर्षी व्हॉनेगटना ढगात बर्फाचे कण तयार करायला सिल्व्हर आयोडाइड चालतं हे सापडलं, हे सगळं तुमच्याकडूनच शिकले. आणि एखाद्या गोष्टीवर तुम्ही सरळ म्हणायचात, "यावर अजून आमच्यात भांडण आहे." एवढं शिकलेला माणूस असं म्हणतो हे मी पोरांना आवर्जून सांगते.

आता मुख्य आभार. तुम्ही सांगितलेला पिठाचा प्रयोग. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बेंटली नावाचा शेतकरी होता, बर्फाच्या चांदण्यांचे फोटो काढणारा, त्यानं १९०४ च्या सुमाराला पिठाच्या ताटात पाऊस झेलून थेंबांची मापं घेतली होती. आमच्या पोरांनी तेच केलं, ताटात मैदा, पावसात काही सेकंद धरायचा, झाकायचा, गोळ्या वाळवायच्या, चाळणीनं वेगळ्या करायच्या. जूनच्या वळवाचे थेंब आणि सप्टेंबरच्या रिमझिमीचे थेंब कागदावर शेजारी चिकटवलेत, फरक लांबून दिसतो. ज्या पोराच्या घरी विमानाला शिव्या बसायच्या त्याचे वडील प्रदर्शनात हे बघून लई वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी विचारलं, आमच्या रानात हे ताट ठेवाल का?

२०२३ ला सोलापूरच्या या प्रयोगावर तुमच्या लोकांचा पेपर आला, २७६ ढग अभ्यासले, फवारलेल्या जागेपासून वारा जिकडं वाहतो त्या बाजूला १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि शेजारी हेही लिहिलं की आभाळात ढगच नसेल तर काहीही फवारून उपयोग नाही, कारण तुम्ही ते पहिल्याच दिवशी बजावलं होतंत.

दक्षिण कोरियातल्या जेजूला २०२४ ला पुढची परिषद झाली तेव्हाही तुम्ही आठवणीनं प्रोग्रॅम पाठवलात, त्याबद्दलही थँक्यू. आता एक काम आहे. आठवीच्या पोरींनी विचारलंय की हवेत धूळ जास्त असली तर थेंब बारीक होतात असं तुम्ही म्हणाला होतात, मग ऊसतोडीनंतर पाचट जाळतात त्या धुराचं काय? मला नीट उत्तर देता आलं नाही, मी त्यांना सांगितलंय की ताईंना विचारते. सवडीनं फोन करा, शाळेच्याच वेळात केला तर बरं, त्यांना तुमच्याशी स्वतः बोलायचंय. आणि गड्ड्याच्या यात्रेला आलात तर घरी या, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवते, पुण्याला घेऊन जायला.

तुमचीच,
केगावजवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई