द्राक्षांच्या रीफर (शीत) कंटेनरवरील वाढीव आकारणीबाबत तक्रार

दि. 18 मार्च 2024

प्रति,
व्यवस्थापक, निर्यात मालवाहतूक विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: तासगावहून रॉटरडॅमला पाठवलेल्या कंटेनरचे वाढीव बिल रद्द करणे व नुकसानभरपाईबाबत.

महोदय,

जानेवारीत आपल्यामार्फत थॉमसन द्राक्षांचा 40 फुटी रीफर न्हावा शेवाहून पाठवला. त्याचे बिल परवा हाती आले.

नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू आहेत. सुएझ सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालतात, दीड-दोन आठवडे जास्त लागतात, भाडे चढते. हे तासगावात बसूनही कळते. म्हणून आपण सांगितलेला चढा दर घासाघीस न करता मान्य केला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बुकिंगची आहे. जागा पक्की झाल्याची आपली मेल आली, तेव्हाच तोडणी लावली. टोळी, पॅकहाउस, प्रीकूलिंग सगळे त्या तारखेवर बांधलेले. कंटेनर बंदरात पोचल्यावर कळवलेत की तो ‘रोल’ झाला, पुढच्या जहाजाने जाईल. बेदाणा असता तर एवढे बोललो नसतो, तो शीतगृहात महिनोन्‌महिने राहतो. ताजी द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवली तरी किती तग धरणार? पेटीतला ग्रेप गार्डचा कागद बुरशी रोखतो, पण त्यालाही मुदत असते. आधी कळवले असते तर माल आणखी थोडे दिवस वेलीवर ठेवला असता. कात्री लागल्यावर आमच्या हातात काय उरते?

आता आयातदाराच्या अहवालात देठ तपकिरी, मणीगळ, म्हणून दरात कपात. त्यावर आपल्या बिलात बंदरातल्या त्याच मुक्कामाचा प्लग-इन चार्ज, म्हणजे कंटेनर थंड ठेवायच्या विजेचा आकार, आणि ‘आपत्कालीन अधिभार’, जो मान्य केलेल्या दरपत्रकात कुठेच नाही! जागेपेक्षा जास्त बुकिंग आपण घ्यायचे आणि विजेचे पैसे बागायतदाराने भरायचे, हा कुठला न्याय?

या दोन्ही रकमा वगळून सुधारित बिल द्यावे. तोवर फक्त ठरलेले भाडे भरीन. कपातीच्या भरपाईबाबत लेखी उत्तर हवे. आयातदाराचा अहवाल, डेटा लॉगरची तापमान-नोंद आणि आपली मेल सोबत जोडली आहे.

मार्चअखेरचा आणखी एक कंटेनर आपल्याकडे बुक आहे. त्याची जागा खरोखर पक्की आहे का, ते टोळी बागेत शिरण्याआधी कळवा. फोनवर नको, लेखी.

आपला,
निर्यातदार द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली