नंबर काढला, चष्मा कुठे आहे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या मराठवाडा पानावर एकाच दिवशी तीन ठिकाणच्या मोफत नेत्रतपासणी शिबिरांच्या बातम्या वाचल्या. तिन्ही बातम्यांत किती लोकांना तपासले तो आकडा होता, व्यासपीठावरील मान्यवरांची नावे होती आणि एका बातमीसोबत फीत कापतानाचे छायाचित्रही होते. परंतु तपासलेल्यांपैकी किती जणांच्या नाकावर प्रत्यक्ष चष्मा चढला, याचा उल्लेख एकाही बातमीत नव्हता. यात आपल्या वार्ताहरांचा दोष नाही, कारण आयोजकांनी पाठवलेल्या पत्रकातच तो आकडा नसतो. तो का नसतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी धर्माबाद तालुक्यातील निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या गावात एका संस्थेने असेच शिबिर घेतले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. शाळेच्या व्हरांड्यात तक्ता टांगला गेला, संगणकावर नंबर काढणारे यंत्र आले, दिवसभरात दोनशेच्या आसपास लोकांचे नंबर काढून झाले आणि ‘चष्मे पंधरा दिवसांत येतील’ असे सांगून गाडी निघून गेली. चष्मे आले ते साडेचार महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर एका खोक्यातून. प्रत्येक चष्म्याला रबराने एक चिठ्ठी बांधलेली होती व तिच्यावर नाव आणि नंबर लिहिलेला होता. पण प्रवासात रबरे उकलून तुटली होती आणि निम्म्या चिठ्ठ्या खोक्याच्या तळाशी जमा झाल्या होत्या. मग व्हायचे तेच झाले. लोक एकेक चष्मा डोळ्यांवर चढवून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहू लागले आणि ज्याला ज्यातून जरा बरे दिसले, त्याने तो उचलला. आमच्या गल्लीतील एका आजींना फ्रेमचा रंग आवडला म्हणून त्यांनी लांबच्या नंबरचा चष्मा नेला. पंधरा दिवस डोके दुखते म्हणून कुरकुर केली आणि शेवटी तो देवळीत ठेवून दिला. संस्थेच्या नोंदीत मात्र त्या आजी ‘चष्मा मिळालेल्या’ लाभार्थी असणार.

वास्तविक खेड्यातील बहुतेक प्रौढांची गरज फार गुंतागुंतीची नाही. मराठीत चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, यातच अर्धे नेत्रविज्ञान आले. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होऊ लागते, जवळचे बारीक दिसेनासे होते, आणि हा आजार नसून केस पिकण्यासारखी वयाची गोष्ट असल्यामुळे ती कोणालाही चुकत नाही. शहरातला कारकून या वयात दुकानात जाऊन चष्मा करून घेतो. खेड्यातील बाई मात्र ‘आता वय झालं’ म्हणते आणि सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते. तांदळातील खडे, फवारणीच्या बाटलीवरील औषधाचे प्रमाण, नातवाच्या पायात रुतलेला काटा, मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश या सगळ्यांसाठी ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहते. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्यांमध्ये दरवर्षी दोन-चार जण असे असतात, की ज्यांच्या मांडीवर पोथी उघडी असते आणि ते शेजाऱ्याच्या आवाजामागून नुसते ओठ हलवीत असतात. ते निरक्षर नाहीत. त्यांतील काहींना मीच शाळेत शिकवले आहे.

धर्माबादची मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात मिरचीचे देठ खुडण्यासाठी आमच्या भागातील शेकडो बायका जातात आणि मजुरी किलोच्या हिशेबाने मिळते. त्यांतील एकीला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, देठ हाताला कळतंय, डोळ्याला दिसना झालंय.” तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेली तिची जाऊ तिच्या शेजारीच बसून दिवसाला तिच्यापेक्षा बरीच जास्त मिरची खुडते. घरात याचा अर्थ ‘थोरली आता थकली’ असा लावला जातो. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एकतृतीयांशाने जास्त आढळले. चहाची पाने खुडणे आणि मिरचीचे देठ खुडणे यांत डोळ्यांच्या दृष्टीने फारसा फरक नसावा, असे मला वाटते. त्यामुळे चष्मा ही दानधर्माची वस्तू नसून विळा-खुरप्यासारखे कामाचे अवजार आहे, अशा नजरेने शासनाने त्याच्याकडे पाहावे.

हा चष्मा आठवडी बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, मग लोक तो घेत का नाहीत, असे कोणी विचारील. घेतात; पण आपला नंबर कोणता हे त्यांना माहीत नसते, विकणाऱ्यालाही नसते. नीट तपासून घ्यायचा तर तालुक्याला किंवा नांदेडला जावे लागते, म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वेगळे. बहुतेकदा चष्म्यापेक्षा त्या दिवसाचीच किंमत जास्त होते. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यांवरील जीएसटी 5 टक्क्यांवर आणला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु जिला आपल्याला चष्मा लागला आहे हेच ठाऊक नाही, तिच्यापर्यंत ही सवलत कशी पोहोचणार?

आमच्या भागातील माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. 1956 पर्यंत आम्ही आणि आजचा तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होतो. आजही धर्माबाद, बिलोली, देगलूर भागातील निम्म्या घरांच्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत. तेलंगण सरकारने 15 ऑगस्ट 2018 रोजी ‘कंटी वेलुगु’, म्हणजे डोळ्यांचा उजेड, या नावाची मोहीम सुरू केली आणि जानेवारी 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. दोन्ही टप्प्यांत प्रत्येकी दीड कोटीहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. माझी धाकटी बहीण बासरजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिने सांगितले त्यावरून, पथक गावात मुक्काम असल्यासारखे अनेक दिवस येत होते, कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीने यायचे ते आधी कळवले जात होते, आणि मुख्य म्हणजे तपासणीच्या रांगेच्या टोकाला एका टेबलावर वाचनाचे चष्मे नंबरवार मांडून ठेवलेले होते. जवळचा नंबर निघाला, की चष्मा त्याच क्षणी हातात. लांबच्या नंबरचा किंवा तिरक्या नंबरचा चष्मा करवून आणावा लागतो. तो नंतर आशाताईंच्या हस्ते घरी आला. त्याला वेळ लागला आणि माझ्या मेहुण्यांना त्यासाठी दोनदा विचारायला जावे लागले, हेही सांगितले पाहिजे. त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली, तेव्हा आमच्या ओसरीवर बसून वाकळ शिवत होती आणि वयाने तिच्याहून लहान असलेली माझी पत्नी तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेत होती. दोघींच्या डोळ्यांमध्ये फरक एवढाच, की एकीचे गाव सीमेच्या त्या बाजूला आहे.

महाराष्ट्रात काहीच नाही असे मी म्हणत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून सुरू आहे आणि त्यात शाळकरी मुलांना तसेच चाळिशी लागलेल्या ज्येष्ठांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. राज्य शासनाने 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी आदी साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये खात्यावर मिळतात. योजना चांगली आहे, पण तिच्या वयाच्या अटीकडे पाहा. चाळिशी लागते चाळिसाव्या वर्षी आणि मदत मिळते पासष्टाव्या वर्षी. मधली पंचवीस वर्षे ही नेमकी कष्टाची, मुलांच्या शिक्षणाची आणि कर्ज फेडण्याची वर्षे आहेत, आणि त्याच वर्षांत माणूस चष्म्याविना राबतो. शिवाय पैसे खात्यावर आले तरी तपासणी करायला जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

माझी सूचना साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या गोळ्या जशा साठ्यात असतात, तसे अधिक एक ते अधिक तीन नंबरपर्यंतचे वाचनाचे चष्मे साठ्यात असावेत आणि ते उपकेंद्रातूनही दिले जावेत. आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी असतात. अशा उपकेंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात आणि त्यांच्या सेवांमध्ये डोळ्यांची प्राथमिक काळजी अंतर्भूत आहे. निरक्षर माणसासाठी उलटसुलट दिशांच्या ‘ई’ अक्षराचा तक्ता आणि जवळच्या नजरेचे कार्ड वापरून प्राथमिक तपासणी करणे हे प्रशिक्षणाने जमणारे काम आहे; त्यासाठी नेत्रतज्ज्ञ गावात आणण्याची गरज नाही. नेत्रतज्ज्ञ आणि ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी यांचा वेळ ज्यांना खरोखर त्यांची गरज आहे अशा रुग्णांसाठी राखून ठेवावा. साध्या चष्म्याने भागणाऱ्यांची रांग बाजूला झाली, तर पिकलेला मोतीबिंदू, डोळ्यात वाढलेले मांस, मधुमेहाने खराब झालेला पडदा आणि विशेषतः काचबिंदू वेळेवर हेरता येईल. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि तयार चष्मा वाटताना हा धोका नजरेआड होता कामा नये. लांबचे दिसत नसेल किंवा दोन डोळ्यांत फरक आढळला, तर त्या माणसाला चष्मा देऊन वाटेला न लावता पुढे पाठवलेच पाहिजे. मोतीबिंदूच्या बाबतीत मराठवाड्याने दिलेले मोठे नाव म्हणजे रेणापूर तालुक्यातील माकेगावचे पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने. शस्त्रक्रियेभोवती या प्रदेशात जेवढी आस्था उभी राहिली, त्याच्या एक दशांश तरी साध्या चष्म्याभोवती उभी राहायला हवी होती.

मुलांच्या बाबतीत मला स्वतःचीच एक चूक कबूल करायची आहे. माझ्या वर्गात उंचीप्रमाणे बसवण्याची पद्धत होती, त्यामुळे उंच मुले शेवटच्या ओळीत. त्यांतील एक मुलगा फळ्यावरचे न लिहिता नेहमी शेजाऱ्याच्या वहीत डोकावत असे आणि त्यासाठी त्याने माझ्या हातचे मार खाल्ले. सातवीत असताना एकदा मी त्याला फळा पुसायला बोलावले. पुसता पुसता तो त्यावरचे सगळे घडाघडा वाचू लागला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा लांबचा नंबर बराच मोठा निघाला. त्याला निदान चष्म्याने दिसू लागले. पण एका डोळ्याचा मोठा नंबर लहानपणीच लक्षात आला नाही, तर तो डोळा आळशी राहतो आणि सात-आठ वर्षांच्या पुढे चष्मा लावूनही त्याची नजर पुरती सुधारणे अवघड होऊन बसते. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. मात्र आमच्याच जिल्ह्यातील कंधार, मुखेड तालुक्यांतून आणि बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. पथक डिसेंबरात शाळेत आले, तर ही मुले कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात. गुढीपाडव्यानंतर पेरणीपर्यंतचा काळ त्यांच्यासाठी राखून ठेवला, तर आई-बाप आणि मुले एकाच खेपेत तपासून होतील.

आणखी एक बारीक पण रोजची अडचण. चष्म्याची काडी मोडली, की खेड्यातील माणूस तिला दोरा बांधतो. दोराही तुटला, की चष्मा बंद. ऐन वयातल्या मुलींचे चष्मे तर घरातच बंद होतात, कारण ‘मुलीला चष्मा आहे’ हे सोयरिकीत सांगायचे नसते. याला सरकारी उपाय नाही, पण आशाताईंनी दारात बसून चार शब्द सांगितले, तर फरक पडतो हे मी पाहिले आहे.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच, की यापुढे शिबिराची बातमी छापताना आयोजकांना दोन प्रश्न विचारावेत: चष्मे किती जणांना त्याच दिवशी दिले, आणि उरलेल्यांना ते कोणत्या तारखेपर्यंत देणार? ती तारीख उलटल्यावर जमल्यास एक फोन करावा.

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात त्या खोक्यातील अकरा चष्मे अजून पडून आहेत. ते शिबिर घेणाऱ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर त्यांनी नाव आणि नंबरांची यादी ग्रामसेवकांकडे पाठवावी. नावे कळली, की चष्मे घरोघर पोहोचवण्याचे काम माझे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक,
ता. धर्माबाद, जि. नांदेड