रक्त खारट, पण समुद्राइतकं नव्हे

महोदय,

कादंबऱ्यांत आणि विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांतही एक वाक्य हमखास भेटतं : माणसाच्या रक्तात समुद्राइतकंच मीठ असतं. कल्पना देखणी, आकडा चुकीचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, आणि रक्ताचा खारेपणा साधारण तेवढाच. जवळपास चौपट फरक! म्हणूनच गलबत फुटल्यावर नायक समुद्राचं पाणी पिऊन तगला, हे पटत नाही. मूत्रपिंडाला तितकं खारट मूत्र करता येत नाही. मीठ बाहेर टाकायला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं आणि माणूस आणखी सुकतो.

रंगाचंही तसंच. पाणी लाल प्रकाश आधी शोषतं. वीसेक मीटर खाली पाणबुड्याच्या जखमेतलं रक्त हिरवट-काळपट दिसतं. टॉर्च मारला की एकदम लाल. लेखकाला आयता मिळालेला हा प्रसंग, तरी आपल्याकडे लिहिल्या जातात त्या लालभडक लाटाच. (खेकड्याचं रक्त तर तांब्यामुळे निळसर असतं.)

अनुवादकांनाही एक विनंती. 'चार फॅदम खोल', 'दोन पाइंट रक्त' असं तसंच ठेवू नये. फॅदम म्हणजे 6 फूट, अमेरिकन पाइंट 473 मिलिलिटर. महाबळेश्वरला उगम पावून कृष्णासुद्धा जवळचा अरबी समुद्र सोडून बंगालच्या उपसागराकडे जाते. इथल्या बऱ्याच वाचकांना समुद्र भेटतो तो पुस्तकातच; तेव्हा तिथली मापं तरी त्यांना कळतील अशी द्यावीत.

– काही वाचक, सातारा