भरल्या टाकीला किती माणसं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत खासगी आणि बिझनेस विमानांची तुलना करणारा तक्ता वाचला. विमान घेऊ पाहणाऱ्याला मराठीत अशी माहिती क्वचित मिळते, त्यामुळे आनंद झाला. मी आधी टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारी विमानं) आणि पुढे छोटी जेट उडवली. म्हणून ‘आसनं’ आणि ‘पल्ला’ या दोन रकान्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन्ही आकडे खरे असतात, पण बहुतेक छोट्या विमानांत ते एकाच उड्डाणात साधत नाहीत.

सिरस व्हिजन जेट घ्या. आसनं सात. उड्डाणाचं कमाल वजन 6,000 पौंड, म्हणजे साधारण 2,720 किलो. टाक्या पूर्ण भरल्या की इंधनच जवळपास 900 किलो होतं. विमानाचं स्वतःचं वजनही वजा केलं की उरलेल्या वजनात वैमानिक धरून दोन, फार तर तीन मोठी माणसं आणि थोडं सामान. जास्त माणसं घ्यायची तर इंधन कमी भरायचं, आणि पल्ला घटतो. यात विमानाचा दोष नाही. स्वतः उडवणाऱ्या मालकाला ते फार चांगलं आहे, शिवाय अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट त्यात आहे. पण सहा जणांना घेऊन लांब जायचं म्हणून कुणी ते घेतलं, तर त्याची निराशा ठरलेली.

वेगाचंही तसंच. फेनॉम 300 हे जेट साधारण 450 नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) जातं, पिलाटस पीसी-12 हे टर्बोप्रॉप जास्तीत जास्त 290 नॉटने. तरी पाचशे किलोमीटरच्या एकेरी प्रवासात टॅक्सी (विमानाचं जमिनीवरचं चालणं), चढण, उतरण धरली की फरक पंधरा-वीस मिनिटांचाच पडतो. एवढ्या अंतरात जेटला त्याची उंची जेमतेम मिळते, आणि खालच्या उंचीवर ते इंधन फार पितं. दीड-दोन हजार किलोमीटर वारंवार जायचं असेल तर जेटच घ्यावं. पीसी-12 एका इंजिनाचं आहे हे काहींना खटकतं, ते मी समजू शकतो. पण त्याचं मागचं मालाचं दार 1.35 बाय 1.32 मीटरचं आहे. स्ट्रेचर किंवा यंत्राचा मोठा भाग चढवायचा असेल, तेव्हा त्याची किंमत कळते.

धावपट्टीची लांबी माहितीपत्रकात दिलेली असते ती समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानाला. उंचावरच्या विमानतळावर, भर दुपारी, हवा विरळ असते आणि तीच धावपट्टी तोकडी पडते. मग माणसं उतरवा, नाहीतर इंधन.

वैमानिकांसाठी एकच सांगतो. यातली बरीच जेट एकट्याने उडवायला परवानगी असते. तरीही दिवसभराच्या बैठका आटोपून रात्री ढगांतून परतणाऱ्या मालकाने शेजारी दुसरा वैमानिक घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या तक्त्यात ‘भरल्या टाकीला किती किलो’ आणि ‘उष्ण हवेत किती धावपट्टी’ हे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वैमानिक