उसवायची पाळी येऊ देऊ नको

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

शिवणक्लास संपवून घरीच ब्लाऊजची कामं घेऊन राहिली, हे कळलं. हात तुझा साफ आहे. पण या धंद्यात शिवून मिळालेला पैसा उसवण्यात जाते, म्हणून कात्री लावायच्या आधीचंच जास्त लिहिते.

सुती अस्तर रात्रभर पाण्यात टाक, वाळलं की इस्त्री कर, मगच काप. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते, वरचं कापड तसंच राहते अन् शिवणीजवळ फुगे येतात. फॉलचंही तेच. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच सोड; लग्नातला ब्लाऊज वर्षभरात ढिला करायला परत येतेच. बाह्या कापताना कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेव, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात अन् पीसमध्ये तिसरी बाही निघेल एवढं कापड कधीच उरत नाही. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा अर्धा इंच खोल. हे उलटं झालं की बाही ओढते, बाई म्हणते “हात वर होत नाही”, अन् आपण उगाच बाहीची रुंदी वाढवत बसतो.

कापडाखाली दोऱ्याचे झुपके आले की सगळ्या जणी बॉबीनकेसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळतात. दोष बहुतेक वरच्या दोऱ्याचा असते, तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांत बसलेला नसते. कापड दाबणारा मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओव. टाका सुटत असेल तर आधी सुई बदल: पातळ कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, शाळेच्या पॅंटला 16. तेल दिल्यावर आधी चिंधीवर चालव, मग गिऱ्हाइकाच्या कापडावर. मोटर लावली तरी पायडल अन् पट्टा जपून ठेव. लाइनचा काय भरवसा बाप्पा.

2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत व्हाउचर, अन् 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत. सध्या अर्ज घेतात का, ते सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामं ऑनलाइन करून देतात तिथं, विचारून घे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळते, तेव्हा जावईबापू दुसऱ्या कामासाठी नाव देणार आहेत का ते आधी विचार.

“कापूस विकला की देतो” म्हणणारे येतीलच. शिलाई उधार ठेव, पण अस्तर, हूक अन् पायपिंगचे पैसे रोख घे, ते तुझ्या पदरचे जातात. वहीत मापाच्या पानाला त्याच कापडाची चिंधी टाच अन् द्यायची तारीख लिही. दिवाळीच्या आठवड्यात सारख्याच हिरव्या रंगाचे चार पीस एका दिवशी येतात.

तुझी
आई