गाडी खालून वर बघायला शिकवणाऱ्या उस्तादांना

नाना पेठेतल्या उस्तादांना,
सप्रेम नमस्कार.

स्क्रॅम्बलर, म्हणजे जुन्या वळणाची पण कच्च्या रस्त्यावरही चालणारी मोटरसायकल, घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा टाकी बघतो. मग गोल हेडलाइट, त्यावरची जाळी, वर उचललेला सायलेन्सर. तोवर मनातल्या मनात बयाणा देऊन झालेला असतो. तुम्ही आमच्या हातात टॉर्च दिलीत आणि जमिनीवर बसवलंत. आधी बूड, मग चाकं, मग चेन आणि फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या), टाकी सगळ्यांत शेवटी. हे पत्र त्या क्रमाबद्दल आहे. अशी गाडी शोधणाऱ्या बाकीच्यांनाही कामी यावं म्हणून जाहीर लिहितोय, आणि तुम्ही दाखवलेलं तपशिलासकट.

आधी ‘कोणती’ हा घोळ तुम्ही दोन प्रश्नांत मिटवलात: पुढचं चाक किती इंची आणि सस्पेन्शनची चाल (खड्ड्यात ते किती वर-खाली होतं) किती? चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फच्या, २०२३ साली आलेल्या स्पीड ४०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्समध्ये ३९८.१५ सीसीचं एकच इंजिन आहे, ४० पीएसचं. पण स्पीडला दोन्हीकडे १७ इंची चाकं आणि सीट ७९० मिमीवर. स्क्रॅम्बलरला पुढे १९ इंची चाक, मागेपुढे १५० मिमी चाल, सीट ८३५ मिमीवर आणि वजन १८५ किलो. वरचे ते ४५ मिमी शोरूमच्या फरशीवर कळत नाहीत. उतारावर गाडी पायाने मागे ढकलायची वेळ आली की कळतात. म्हणून उंची बघायची ती गाडी चालवतानाचे बूट घालून आणि शोरूमच्या बाहेर, उतारावर. दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तरी चालतं. दोन्ही चवडे मात्र भक्कम टेकायला हवेत, आणि सीट रुंद असेल तर आकडा कमी असूनही ते टेकत नाहीत.

रॉयल एनफिल्डच्या स्क्रॅम ४११ मध्ये चाल पुढे १९० आणि मागे १८० मिमी, सीट ७९५ वर, पण ताकद २४.३ बीएचपी आणि गिअर पाच. सहावा गिअर स्क्रॅम ४४० ला मिळाला. येझदी स्क्रॅम्बलर ३३४ सीसीची, सीट ८०० वर, मागे दोन शॉक. म्हणजे हायवेला पळणारी गाडी आणि खड्डे खाणारी गाडी या दोन वेगळ्या निघाल्या. पुणे–मुंबई जुन्या हायवेवर जास्त फिरणार की ताम्हिणी उतरून कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर, हे आधी ठरवा, हे तुमचं म्हणणं तेव्हा पटलं. १९ इंची चाकाचा फायदाही साधाच आहे: घेर मोठा असल्यामुळे खड्ड्याच्या कडेला ते कमी कोनात भिडतं आणि चढून जातं. त्याची किंमत अशी की वळणात गाडी १७ इंचीइतकी चटकन झुकत नाही.

‘स्क्रॅम्बल’ हा शब्द इंग्लंडात कॅम्बर्लीला २९ मार्च १९२४ रोजी झालेल्या शर्यतीपासूनचा. पुढे अशा शर्यतींच्या गाड्यांचे सायलेन्सर पाण्या-दगडापासून वाचवायला वर उचलले गेले. आज त्याचा हिशेब तापलेल्या सायलेन्सरला टेकून मागे बसणाऱ्याची पोटरी चुकता करते. तेव्हा मागे नेहमी बसणारं माणूस असेल तर ट्रायलला त्यालाही न्यावं, आणि ट्रायल दोन किलोमीटरची नसावी.

पैशाच्या बाबतीत तुम्ही ३५० सीसीची रेघ दाखवलीत, ती कोटेशन देणारा क्वचितच दाखवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीला ४० टक्के. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्यातही हीच रेघ आहे. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनी तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, त्यावर कर वेगळा. म्हणजे ३३४ आणि ३९८ सीसीमधला फरक फक्त ताकदीचा नाही. शिवाय महाराष्ट्रात २९९ सीसीच्या वर पासिंगला एकरकमी १२ टक्के कर. स्क्रॅम्बलर ४०० एक्स ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे २.६३ लाखांना आली, तेव्हा नुसता हा कर साडेएकतीस हजारांच्या घरात जात होता. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली की ती कुठल्या सरकारी पावतीवर असते असं शांतपणे विचारायचं. बहुतेक वेळा ती ओळ आपोआप पुसली जाते.

नव्या गाडीचं तपासणं थोडक्यात आटपतं: फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्रीच्या दाखल्यावर) बनावटीचा महिना-वर्ष, टायरवरचा चार आकडी शिक्का (२३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा), दोन्ही चाव्या, आणि पासिंगच्या आधी चॅसी नंबर आपल्या डोळ्यांनी जुळवणं. पासिंग झाल्यावर सापडलेला ओरखडा आपला.

जुन्या गाडीचं मात्र तुम्ही सावकाश शिकवलंत, आणि या पत्राचं खरं कारण तेच.

बुडाखालचा पत्रा. त्यावर ओरखडे असणं वाईट नाही, ते त्याचंच काम. पण तो काढून मागे बघायचं: ऑइलच्या ड्रेन बोल्टचे कोपरे गोल झालेत का, जोडावर ओल आहे का, डाउनट्यूबला (फ्रेमच्या पुढून खाली येणाऱ्या नळीला) चेप आहे का. विकणारा पत्रा काढू देत नसेल तर तिथेच उठायचं. आणि पुढचं चाक उचलायला या पत्र्याला जॅक लावायचा नाही, तो गाडी पेलायला बनवलेला नसतो.

चाकं. फोर्कला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या कडेला आणायचं आणि चाक फिरवायचं. रिम उभी किंवा आडवी २ मिमीच्या वर डुलली तर ती खड्ड्यात आपटून वाकलेली आहे. अलॉय असेल तर आतल्या कडेला बोट फिरवायचं, कारण चेप बहुतेक तिथे असतो आणि ट्यूबलेसची हवा तिथूनच हळूहळू जाते. स्पोकचं चाक असेल तर पान्याने एकेक स्पोक वाजवायचा. ‘टण्’ वाजला तर ठीक, ‘थप्’ वाजला तर सैल. समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत निपल (स्पोक आवळायचे नट) गंजून स्पोकला चिकटलेले असतात. ते आवळायला गेलं की तुटतात. स्पोकच्या गाडीत ट्यूब आहे का तेही विचारून घ्यायचं. ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक उतरवणं, टायर लिव्हर आणि सोबत १९ इंची ट्यूब. ट्यूबलेसला दोऱ्याची किट पुरते. वरंधा घाटात पावसात हा फरक फार मोठा वाटतो.

चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) सगळ्यात मागच्या जागी चेन धरून मागे ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर सेट संपलाय: पुढचं स्प्रॉकेट, मागचं आणि चेन, तिन्ही एकत्र. एकटी चेन बदलली तर जुने दात तिला काही हजार किलोमीटरमध्ये खातात. मग चाक पाव-पाव फेरी फिरवत प्रत्येक जागी ढील मोजायची. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल म्हणजे काही कड्या गंजून आखडल्यात. सैल जागी ढील बरोबर केली की घट्ट जागा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढत राहते. ढील किती ठेवायची ते चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर असतं. कोकणातली लाल माती ऑइलमध्ये मिसळली की सँडपेपरचं काम करते, त्यामुळे तिथून आलेल्या गाडीच्या चेनकडे मीटरवरच्या किलोमीटरवरून बघायचं नाही.

फोर्क. ४०० एक्सचा फोर्क ४३ मिमीचा आणि उलटा. म्हणजे चकचकीत नळ्या खाली, अगदी दगडांच्या तोंडी. नळीवर नखाने उभी रेघ ओढायची. नख कुठे अडकलं तर तिथला टवका प्रत्येक दाबाला सील कापतो. ऑइलचं कडं दिसलं म्हणून लगेच सील बदलायचं नाही. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवून माती काढायची, पुसायचं, वीसेक वेळा फोर्क दाबायचा आणि पुन्हा बघायचं. कोरडं राहिलं तर नव्या ऑइलचा आणि मजुरीचा खर्च वाचला. ओलं झालं तर सील गेलंय, आणि ते ऑइल खाली ब्रेक पॅडवर उतरलं नाही ना हेही बघायचं. ऑइल प्यायलेले पॅड घासून सुधारत नाहीत.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. पुढचं चाक अधांतरी करून हँडल एका बोटाने हळू फिरवायचं. मध्यावर ‘खट्’ अडकलं तर बेअरिंगचे ठसे उमटलेत. मध्यावरच का, तर खड्डे आपण हँडल सरळ ठेवूनच खातो. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे हलवायचं. ठकठक लागली तर सैल आहे. ठसे उमटलेला कोनसेट आवळून बरा होत नाही, बदलावाच लागतो. तिथेच हँडल लॉकला जिथे टेकतं तो ठोकळा बघायचा. तो चेपलेला किंवा नवा रंगवलेला असेल तर गाडी पुढून कशाला तरी आपटलीय. बाकीच्या पडझडीचे पुरावे लिव्हरच्या गोळीवर, हँडलच्या टोकाला आणि फुटरेस्टच्या बाहेरच्या कडेला सापडतात. उभ्या जागी आडवी झालेली स्क्रॅम्बलर ही काही नाकारायची गोष्ट नाही. फुटरेस्टच्या ब्रॅकेटला बारीक तडा नसला म्हणजे झालं.

इंजिनबद्दल तुमचा पहिला नियम: पोचल्या पोचल्या इंजिनवर हात. गरम असेल तर चहा प्यायचा, गार होईपर्यंत. गार इंजिनच खरं बोलतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ सकाळी थोडी दिसतेच, ती थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. चालवताना वरच्या गिअरमध्ये साधारण ४,००० आरपीएमवरून पूर्ण रेस द्यायची. आरपीएम पळाले आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट घसरतात. चावी दिल्यावर एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी हलल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी दोष झाकलाय.

सर्व्हिसच्या नोंदीत बहुतेकांची फसगत होते. ४०० एक्सची सर्व्हिस दर १६,००० किमी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी होईल ते. लोक पहिलाच आकडा लक्षात ठेवतात. दोन वर्षांची, ९,००० किमी चाललेली गाडी पहिल्या सर्व्हिसनंतर परत गेलीच नसेल, तर त्यातलं ऑइल दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे जुनं आहे. एअर फिल्टर काढून त्याच्या आतल्या बाजूने पांढरं फडकं फिरवायचं. माती लागली तर ती इंजिनातही गेलीय.

रेट्रोच्या हौसेला तुम्ही कधी हसला नाहीत, पण तिची बिलं मात्र दाखवलीत. मागचा मडगार्ड कापलेला म्हणजे पावसाळ्यात सगळा चिखल मागच्या शॉकवर आणि पाठीवर. जोडदिव्यांसाठी मूळ वायरिंग सोलून टेप गुंडाळलेली दिसली तर किमतीतून वायरिंगचं काम वजा करायचं. सायलेन्सर बाहेरचा असेल तर मूळचा हातात मिळाल्याशिवाय व्यवहार नाही. साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकतो आणि गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. काहीजण तो साफ करायच्या ऐवजी थेट जोडून टाकतात, मग स्टँड खाली असतानाही गाडी निघते आणि पहिल्या डाव्या वळणाला पाडते. स्टँड पाडून गिअर टाकून बघायला दहा सेकंद लागतात.

कागद तुमचा प्रांत नाही म्हणालात, तरी तिथेही लक्ष घातलंत. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी. चॅसी नंबरचा पेन्सिलचा ठसा आपणच घ्यायचा, विकणाऱ्याने आणलेला नाही. थकलेली ई-चलानं पैसे देण्याआधी. विम्याचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं: नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त कोनसेटचे. तपासणीचे घ्या म्हटलं तर विषय बदललात. तेव्हा आभार तरी जाहीर मानू द्या.

चेन-सेट आला की शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. इंजिन गार असेल. तुमची एक्स-रेची पट्टी आमच्याकडेच राहिलीय, तीही आणतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचे,
टॉर्च धरणारे तिघे