चालकाला गुण देताना रस्ता, गाडी आणि वेळापत्रकही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहतूक आणि बस कंपन्या जीपीएसच्या नोंदींवरून चालकांना दरमहा गुण देऊ लागल्या आहेत आणि त्या गुणांवर भत्ता, बक्षीस, कधी नोकरीही ठरू लागली आहे, ही आपल्या दैनिकातील बातमी वाचली. मोजमाप व्हायलाच हवे. पण आज बहुतेक ठिकाणी जे मोजले जाते, त्यातून धोकादायक चालक सापडत नाही आणि चांगल्या चालकावर मात्र अन्याय होतो.

‘वर्षभरात अपघात नाही, म्हणजे चालक सुरक्षित’ हा जुना हिशेब. एसटीत पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार होतो, तो अगदी योग्य, कारण पंचवीस वर्षांची नोंद खूप काही सांगते. एका वर्षाची नोंद जवळपास काहीच सांगत नाही. समजा, एखाद्या कंपनीत सरासरी ५ लाख किलोमीटरमागे एक अपघात होतो आणि प्रत्येक चालक वर्षाला १ लाख किलोमीटर गाडी चालवतो. सरासरी चालकाचे वर्ष अपघाताविना जाण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के निघते. ज्याचा धोका याच्या दुप्पट आहे, त्याचीही ती ६७ टक्के असते. म्हणजे दुप्पट धोक्याच्या तीन चालकांपैकी दोघे वर्षअखेर विनाअपघात प्रमाणपत्र घेतात. म्हणूनच अपघाताच्या आधी दिसणाऱ्या खुणा मोजाव्या लागतात: वेग, जोराचे ब्रेक, पुढच्या गाडीपासूनचे अंतर, सलग चालवण्याचे तास.

या खुणांची नुसती बेरीज मात्र उपयोगाची नाही. महिन्याला ९ हजार किलोमीटर चालवणाऱ्याची बेरीज जास्तच येणार. ती दर हजार किलोमीटरमागे काढायला हवी, आणि तेवढ्यानेही भागत नाही. एका बदली चालकाने महिन्यात ३०० किलोमीटर चालवले आणि ६ वेळा जोराचा ब्रेक मारला, तर त्याचा दर हजारी २० दिसतो. कायम चालकाने ६ हजार किलोमीटरमध्ये ६० वेळा मारला, त्याचा दर १०. कागदावर बदलीवाला दुप्पट वाईट ठरला, पण ३०० किलोमीटरवरून काही ठरवणे घाईचे आहे. यावर साधा उपाय आहे. प्रत्येकाच्या नोंदीत सगळ्या चालकांच्या सरासरीने चाललेले २ हजार किलोमीटर मिळवायचे. सरासरी हजारी ४ असेल तर दोघांच्याही नोंदीत ८ घटना वाढतात. मग बदलीवाल्याचा दर ६.१ येतो, कायम चालकाचा ८.५, आणि लक्ष जिथे जायला हवे तिथे जाते.

रस्त्याचा हिशेबही हवा. कसारा घाटातून रोज नाशिकला जाणारा चालक आणि समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठणारा चालक यांची थेट तुलना होऊच शकत नाही. प्रत्येक मार्गाचा कंपनीतला सरासरी दर काढा, त्याला चालकाच्या त्या मार्गावरच्या किलोमीटरने गुणा आणि आलेल्या अपेक्षित आकड्याशी प्रत्यक्ष आकडा ताडून पाहा. घाटमार्गाचा दर हजारी ९ आणि समृद्धीचा २ असेल, तर घाटात ३ हजार आणि समृद्धीवर ४ हजार किलोमीटर चालवणाऱ्याकडून ३५ घटना अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ४२ झाल्या, तर तो अपेक्षेपेक्षा एकपंचमांश वर आहे. आणि ७०१ किलोमीटरच्या सरळ महामार्गावर ब्रेक कमी लागतात म्हणून तिथल्या चालकाचे गुण चांगले दिसले, तरी त्यातून रात्री दोन ते पाचच्या दरम्यान लागणारी डुलकी दिसत नाही. मध्यरात्रीनंतरचे किलोमीटर वेगळ्या रकान्यातच हवेत.

आता यंत्राविषयी. एका सेकंदात वेग ताशी १० किलोमीटरने उतरला, तर तो साधारण ०.२८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.२८ पट, इतका झटका असतो. दर १० सेकंदांनी ठिकाण आणि वेग कळवणाऱ्या जीपीएसच्या नकाशावरून असा ब्रेक सापडत नाही. तो यंत्राच्या आतल्या झटका मोजणाऱ्या सेन्सरनेच टिपावा लागतो. एआयएस-१४० या, वाहनांचा माग ठेवणाऱ्या यंत्रांसाठीच्या भारतीय मानकाच्या यंत्रांत जोराचा ब्रेक, एकदम वाढवलेला वेग आणि जोराचे वळण यांच्या सूचनांची सोय आहे. पण यंत्र डॅशबोर्डमागे प्लास्टिकच्या पट्टीने लटकवलेले असले, की प्रत्येक गतिरोधक आणि खड्डा चालकाच्या नावावर चढतो. ते पक्क्या धातूच्या भागाला स्क्रूने बसवावे, गाडी सपाट जमिनीवर उभी करून त्याचा शून्य लावून घ्यावा आणि नंतर कोणत्याही २० घटना कॅमेऱ्याच्या चित्रणाशी ताडून पाहाव्यात. त्यांतल्या पाचाहून अधिक खड्ड्यांच्या निघाल्या, तर त्या गाडीवरून कोणाला गुण देऊ नयेत. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त उसळतो, म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या खेपा वेगळ्या मोजाव्यात. छोटा टेम्पो आणि ४० टनी ट्रेलर यांना एकच मर्यादा लावणे तर चूकच आहे. एकाच गाडीवर तीन वेगवेगळ्या चालकांचे ब्रेक वाढलेले दिसले, तर आधी त्या गाडीचे ब्रेक लायनर आणि हवेचा दाब तपासावा.

एकेका ब्रेकसाठी जाब विचारणे धोक्याचे आहे. मूल आडवे आल्यावर चालकाने गुणांचा विचार करत पाय रोखू नये. बघायचा तो दर.

वेगाच्या बाबतीत किती वेळा मर्यादा ओलांडली, हा आकडा फसवतो. मर्यादा ताशी ८० ची असेल, तर ८० च्या आसपास वर-खाली करणाऱ्याच्या नावावर दहा नोंदी चढतात आणि अर्धा तास सलग ९० ने जाणाऱ्याच्या नावावर एकच. मोजायची ती मर्यादेवरची मिनिटे, आणि किती वर तेही. ८० वरून ९० वर गेलेल्या गाडीची धडकेची ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी वाढते.

आता सर्वांत गंभीर उणीव. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर, किंवा कोणत्याही घाटात, गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक आजच्या गुणपत्रिकेत उत्तम ठरू शकतो. तो जोराचा ब्रेक मारत नाही, हळूहळू ब्रेक दाबत राहतो. इंजिनचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि उताराच्या शेवटी ब्रेक लागत नाहीत. बीएस-६ ट्रकच्या इंजिनाची माहिती यंत्राला जोडलेली असेल, तर हे पकडणे सोपे आहे: वेग ताशी ४० च्या वर आणि इंजिनचे फेरे मात्र उभ्या गाडीइतके, मिनिटाला ६००–७०० च्या घरात. ही एक नोंद शंभर ब्रेकच्या नोंदींहून मोलाची आहे. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते, हा समजही आजच्या इंजिनांना लागू नाही. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिन डिझेल घेणे बंद करते, तर न्यूट्रलमध्ये चालू राहण्यासाठी ते डिझेल घेतच राहते.

विश्रांतीची नोंदही अशीच खोटी ठरते. इंजिन बंद म्हणजे आराम, असे सॉफ्टवेअर धरून चालते. न्हावा शेवा बंदराबाहेरच्या रांगेत चालक दर वीस मिनिटांनी गाडी पुढे सरकवत रात्र काढतो, आणि अहवालात त्याने आठ तास विश्रांती घेतलेली असते. गाडी एकाच जागी सलग सहा तास उभी असेल, तरच ती झोप धरावी. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला जास्तीत जास्त १० तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, ही चौकट घालून दिली होती. गाडी भरताना-उतरवतानाचे थांबणेही त्या कामात धरले पाहिजे.

यंत्र गाडी मोजते, चालक नाही, हेही विसरले जाते. चालकाने स्वतःचे कार्ड लावल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये, किंवा निदान ट्रिपशीटवर बदलीची वेळ लिहिलेली असावी. तसे नसेल तर क्लिनरने चालवलेले किलोमीटरही चालकाच्या खात्यावर जातात. मीटरचे किलोमीटर आणि यंत्राचे किलोमीटर यांतला फरकही दर आठवड्याला काढावा. यंत्राची वायर काढून चालवलेले अंतर तिथेच दिसते, आणि तो फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर बाकीच्या गुणांना अर्थ उरत नाही.

दोन-तीन ट्रक असलेल्या मालकाला हे सगळे परवडणार नाही. त्याच्या हाती फास्टॅगचे विवरण असते. १२० किलोमीटर अंतरावरचे दोन टोलनाके ९० मिनिटांच्या आत ओलांडले असतील, तर गाडी ८० च्या वर गेलीच होती. सलग नाक्यांच्या वेळांवरून रात्रीचे आणि न थांबता चालवलेले तासही कळतात.

मालकांनाही एक हिशेब द्यावा लागेल. भरलेला ट्रक ताशी सरासरी ४५ किलोमीटरने चालला, तर ८०० किलोमीटरला साधारण १८ तास नुसते चालवण्यात जातात. एका चालकावर ही खेप २० तासांत पोहोचवण्याची जबाबदारी टाकून, उशिराचा दंड लावून, वर त्याच्याच झोपेचे आणि वेगाचे गुण कापणे ही फसवणूक आहे. प्रत्येक खेपेसमोर ‘दिलेला वेळ’ आणि ‘लागणारा वेळ’ असे दोन रकाने असावेत आणि पहिला दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर तो दोष खेप ठरवणाऱ्याच्या नावावर जावा.

माझी मागणी अशी आहे. गुणपत्रिका चालकाला त्याच्या मोबाइलवर, त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावी. सात दिवसांत चित्रण पाहून हरकत घेण्याची मुभा त्याला असावी. पहिले तीन महिने गुणांवरून एक रुपयाही कापू नये. आणि परिवहन विभागाने मोठ्या वाहतूक कंपन्यांकडून चार आकडे मागावेत: १० तासांपेक्षा जास्त कामाचे दिवस, मध्यरात्रीनंतरचे किलोमीटर, यंत्राविना धावलेले किलोमीटर आणि लागणाऱ्यापेक्षा कमी वेळ दिलेल्या खेपा.

आपला,
वाहतूक सुरक्षेचे काम करणारा एक वाचक, पनवेल